मोटारसायकलच्या मागच्या चाकाचा एक्सल दर वर्षी का धरतो (जाम होतो), आणि धरला तर कसा सोडवायचा

कॉटर पिन निघाली, नट निघाला, वायसर निघाला. चेनचे अ‍ॅडजस्टर ढिले केले, ब्रेकचा रॉड सोडला. आता एक्सलच्या टोकावर हातोडीची एक टिचकी मारली की चाक खाली येणार. टिचकी मारली, काही नाही. जरा जोरात मारली, तरी नाही. मग पाय रोवून मारली, तेव्हा एक्सल राहिला जागेवर आणि गाडीच मेन स्टँडवरून उतरायला निघाली.

माझ्या शंभर सीसीच्या गाडीवर हे तीन वर्षांत तीनदा झालं. पहिल्यांदा मागच्या ब्रेकचे लायनर बदलताना, दुसऱ्यांदा ट्यूबचा वॉल्व्ह मुळातून फाटला तेव्हा आणि तिसऱ्यांदा टायर पार गुळगुळीत झाला म्हणून. पहिल्या वेळी एक्सल कापावा लागला, दुसऱ्या वेळी निघाला, पण तो धरला कशामुळे याचा मी विचारच केला नाही. तिसऱ्या वेळी शेजारच्या अण्णांनी करायला लावला. अण्णांची सगळी नोकरी सोलापूरच्या पूर्व भागात कापडाच्या मागांवर गेली. माग उघडायचा, दुरुस्त करायचा, परत बसवायचा, हेच काम. मोटारसायकलचं त्यांना फारसं कळत नाही, असं ते स्वतःच म्हणतात. पण लोखंडात अडकलेलं लोखंड त्यांनी माझ्यापेक्षा शंभरपट पाहिलंय.

रविवारी सकाळी माझी ठोकाठोकी ऐकून ते चहाचा कप घेऊनच आले.

"काय बे, सकाळपासनं ठोकायलास. कुठं धरलंय ते बघितलास का आधी?"

मी म्हणालो, "एक्सल जाम आहे अण्णा."

"ते दिसायलंय की. कुठं जाम आहे, ते विचारलो मी."

मला उत्तर देता आलं नाही. एक्सल म्हणजे जेमतेम फूटभर लांबीची सळई, पण ती नऊ तुकड्यांतून जाते: चिमट्याचा (मागचं चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या स्विंगआर्मचा) एक पाय, अ‍ॅडजस्टर, ब्रेकचं पॅनेल (ब्रेकच्या ड्रमचं झाकण), एक बेअरिंग, दोन बेअरिंगांच्या मधली नळी, दुसरं बेअरिंग, स्प्रॉकेटची (चेनच्या दातेरी चाकाची) स्लीव्ह म्हणजे पोकळ बाही, पुन्हा अ‍ॅडजस्टर आणि चिमट्याचा दुसरा पाय. यातल्या कुठल्याही एका ठिकाणी गंज धरला तरी बाहेरून सगळं सारखंच दिसतं. उपाय मात्र जागेप्रमाणे बदलतो. हे माहीत नसताना मारलेला प्रत्येक घाव भलत्याच वस्तूवर बसतो.

आधी खोटा जाम तपासा

यात मी पहिल्या वर्षी फसलो होतो, म्हणून हे अगोदर. नट काढल्यावरही एक्सलवर दोन प्रकारचा भार राहतो. चेन ताणलेली असेल तर ती चाक पुढे ओढते आणि एक्सल अ‍ॅडजस्टरमध्ये तिरपा दाबला जातो. शिवाय चाक जमिनीपासून अधांतरी लोंबकळत असेल तर त्याचं वजन एक्सलवरच असतं. अशा वेळी गंजाचा कणही नसला तरी एक्सल सरकत नाही.

दोन्ही अ‍ॅडजस्टरचे नट चांगले पाच-सहा फेरे मागे घ्या, चाक पुढे ढकलून चेन सैल करा. ब्रेक पॅनेलला धरून ठेवणारी पट्टी असेल तर तिचा बोल्ट काढा. मग पायाचा चवडा टायरखाली घालून चाक किंचित उचला, वरखाली हलवा आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने एक्सल ओढून पाहा. गल्लीत ज्यांना ज्यांना मी "एक्सल निघेना" म्हणताना ऐकलंय, त्यातल्या बऱ्याच जणांचं काम एवढ्यावरच झालं. टायरखाली लाकडाची फळी सरकवली तर पायही मोकळा राहतो. वीट नको, फुटते.

फिरतोय का सरकतोय

खरा जाम असेल तर आता पाना घ्या, हातोडा लांब ठेवा. एक्सलच्या डोक्यावर रिंग पाना बसवून तो फिरवायचा प्रयत्न करायचा. ओढायचा नाही, नुसता फिरवायचा. या एका हालचालीत बरंच काही कळतं.

समजा एक्सल फिरला, पण बाहेर येत नाही. म्हणजे चिमटा, अ‍ॅडजस्टर, ब्रेकचं पॅनेल, स्लीव्ह या न फिरणाऱ्या सगळ्या वस्तूंमध्ये तो मोकळा आहे. तो धरलाय बेअरिंगच्या आतल्या कड्याला किंवा मधल्या नळीला. बेअरिंगचं आतलं कडं एक्सलसोबत फिरू शकतं, त्यामुळे पाना फिरतो आणि आपल्याला उगाच वाटतं की काम झालं. इथे कितीही फिरवलं तरी गंज तुटत नाही, कारण दोन्ही वस्तू एकत्रच फिरतात.

समजा एक्सल फिरलाच नाही. मग तो धरलाय न फिरणाऱ्या वस्तूला. बेअरिंगचा दोष नाही. मुख्य संशयित दोन: ब्रेकच्या पॅनेलचं भोक आणि स्प्रॉकेटची स्लीव्ह.

या दोघांतला कोण, तेही शोधता येतं. बऱ्याच शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांना चेनच्या बाजूला चिमट्याला टेकून एक मोठा नट असतो. तो एक्सलचा नव्हे, स्लीव्हचा. त्याच्यामुळे चाक काढलं तरी चेन आणि स्प्रॉकेट गाडीवरच राहतात. तो मोठा नट पाव फेरा ढिला करा आणि एक्सल पुन्हा फिरवून बघा. आता फिरायला लागला आणि त्याच्याबरोबर मोठा नटही फिरताना दिसला, तर धरणारी स्लीव्ह. मोठा नट ढिला करूनही एक्सल हलत नसेल तर पॅनेलकडे बघा. पॅनेल अ‍ॅल्युमिनियमचं असतं, तिथे लाल गंजाऐवजी पांढरी भुकटी दिसते. अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं आणि त्याची ती भुकटी भोकात ठासून बसते.

माझ्या तिसऱ्या जामात मोठा नट एक्सलबरोबर गरगर फिरला. स्लीव्ह सापडली. अण्णांचा चहा तेव्हा अर्धाही संपला नव्हता.

तेल आत जातच नाही, ही खरी अडचण

यानंतर सगळे जण काय करतात? स्प्रेचा डबा घेऊन टोकावर फवारा मारतात, पाच मिनिटं थांबतात आणि पुन्हा हातोडा. मीही तेच करत आलो होतो. अडचण अशी की एक्सल आडवा आहे. टोकावर मारलेलं तेल खाली ओघळून फरशीवर जातं. जिथे गंज आहे ती जागा दोन-तीन इंच आत आणि तिथली फट केसाहून बारीक.

डब्यांबद्दल एक गोष्ट. डब्ल्यूडी-४० हे नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, पण ते १९५३ मध्ये तयार झालं ते धातूवरचं पाणी हटवण्यासाठी, आणि नावाचा अर्थही तोच: पाणी हटवण्याचा चाळिसावा प्रयोग. किरकोळ गंजाला ते चालतं. वर्षभर मुरलेल्या जामाला गंजात झिरपणारं तेल म्हणून वेगळं विकतात ते बरं. तेही नसेल तर डिझेलमध्ये थोडं इंजिन ऑइल मिसळून वापरा. पूर्वी रॉकेल असायचं, हल्ली ते शोधावं लागतं.

तेल कुठलं यापेक्षा ते आत कसं पोचवायचं हा प्रश्न मोठा, आणि तिथे अण्णांनी जे केलं ते मी कुठल्याही गॅरेजात बघितलं नव्हतं. घरी जाऊन त्यांनी मूठभर सुताचं वेस्ट आणलं, मागावरून निघतं ते. त्यातले सात-आठ धागे तळहातावर घेऊन मांडीवर वळले, समईची वात वळतात तसे. ती वात स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने मोठ्या नटाच्या तोंडाशी एक्सलभोवती दोन वेढे देऊन बसवली. एक टोक वर ठेवलं आणि ते चिमट्यावर टेकवलेल्या बाटलीच्या झाकणात सोडलं. झाकणात तेल ओतलं. वात भिजली, तेल वातीतून उतरून फटीच्या तोंडाशी येऊन थांबलं. ओघळलं नाही. फटीने जेवढं ओढलं तेवढंच वातीने दिलं.

गाडी त्यांनी मेन स्टँडवरून काढून साइड स्टँडवर घ्यायला लावली, म्हणजे एक्सल किंचित तिरपा होतो आणि तेलाला उतार मिळतो. तुमची धरलेली बाजू वर येईल असं बघा. माझी नेमकी खाली येत होती, म्हणून गाडी उलट बाजूने भिंतीला टेकवून ठेवली, मध्ये जुनी सोलापुरी चादर घालून. घरात त्यावर थोडं बोलणं झालं. चादर जुनी आहे हे मला वाटत होतं, घरच्यांना नाही.

रात्रभर तसंच. मधूनमधून, म्हणजे जेवल्यावर एकदा आणि झोपण्याआधी एकदा, मोठ्या नटाच्या कडेवर छोट्या हातोडीने वीस-पंचवीस टिचक्या. बाहेर काढण्यासाठी नाही, नुसती थरथर देण्यासाठी. थरथरीने गंजाला बारीक भेगा पडतात आणि तेलाला वाट मिळते. घाई असेल तर दोन-तीन तास तरी द्या. पाच मिनिटांत काही होत नाही, मग डब्यावर काहीही छापलेलं असो.

मागेपुढे, मागेपुढे

सकाळी मोठा नट पुन्हा आवळला, म्हणजे स्लीव्ह चिमट्याला घट्ट धरली गेली. आता एक्सल फिरवला तर गंजाला पिळ बसतो, आणि गंज दाब झेलतो पण पिळाला लवकर तुटतो. एक्सलच्या डोक्यावर लांब दांड्याचा रिंग पाना, शक्यतो सहा कोनी. बारा कोनी पाना जुन्या डोक्यावर घसरला की कोपरे गोल होतात आणि मग एकाचे दोन जाम होतात.

पहिला जोर आवळायच्या दिशेने द्यायचा, सोडायच्या नव्हे. अगदी थोडा. मग उलट. मग पुन्हा आवळायच्या दिशेने. पहिल्या आठ-दहा वेळा काहीच झालं नाही. नंतर एक "कट्ट" असा कोरडा आवाज आला. मला वाटलं पाना तुटला. अण्णा म्हणाले, "सुटलं बघ." एक्सल जेमतेम एक-दोन अंश फिरला होता. तिथेच हाव सुटते आणि माणूस पूर्ण फेरा मारायला जातो. तसं करू नका. सुटलेल्या गंजाचा चुरा पुढे जाऊन पाचरीसारखा अडकतो. दोन अंश मागे, तीन पुढे, तेलाचे चार थेंब, पुन्हा तेच. पंधरा मिनिटांनी एक्सल अर्धा फेरा फिरायला लागला आणि वातीवाटे चहासारखं लाल तेल बाहेर यायला लागलं. ते दिसलं की समजा काम होणार.

मग फिरवत फिरवतच बाहेर ओढायचा. नुसता ओढला तर पुन्हा रुततो.

उष्णता कधी, आणि किती

तेल आणि पिळ यांनी झालं नाही तर गरम करा. भोक गरम केलं की ते मोठं होतं. किती? १२ मिलिमीटरचं लोखंडी भोक १०० अंश सेल्सिअसने तापलं तर जेमतेम दीड शतांश मिलिमीटरने वाढतं. अ‍ॅल्युमिनियम साधारण दुप्पट वाढतं, म्हणून पॅनेलमधला जाम उष्णतेला जास्त दाद देतो. आकडा नगण्य वाटतो, पण जामाची फटही तेवढीच असते. मात्र बाहेरची वस्तू लोखंडाची असेल तर ती तापली आणि एक्सल थंड राहिला तरच फायदा. दोन्ही सारखेच तापू दिले तर दोन्ही सारखेच फुगतात. म्हणून झटपट तापवायचं आणि लगेच फिरवायचं.

मी हॉट एअर गन वापरतो. पाण्याचा थेंब टाकला की चर्र झाला पाहिजे, तेवढं पुरतं. गॅसची ज्योत नको. आत बेअरिंगचं ग्रीस आहे, रबरी सील आहेत, टायर आहे, आणि वर पेट्रोलची टाकी आहे. गन असली तरी तेलाने भिजलेली वात आणि चिंध्या आधी उचला, सांडलेलं डिझेल पुसा, गाडी उघड्यावर घ्या. ब्रेक क्लीनरचा फवारा मारलेल्या भागावर तर उष्णता अजिबात नको. काही क्लीनरमध्ये क्लोरीनचे पदार्थ असतात, ते तापले की विषारी वायू होतो.

पॅनेल गरम असताना फटीवर साधी मेणबत्ती टेकवली तर मेण वितळून आत ओढलं जातं. हे कुणीतरी सांगितलं तेव्हा मी हसलो होतो. नंतर शेजाऱ्याच्या गाडीवर करून पाहिलं. चालतं.

आणि हातोडा

हातोडा अगदीच वाईट असतो असं नाही. बेअरिंगच्या कड्यात धरलेला एक्सल पिळाने सुटत नाही, तिथे ठोकावंच लागतं. पण ठोकण्यातही रीत आहे.

पहिल्या वर्षी मी गाडी एका गॅरेजात नेली होती. तिथल्या पोराने एक्सलच्या उघड्या आट्यांवरच घण घातला. एक्सल अर्धा इंच सरकला आणि टोक छत्रीसारखं फुललं. आता ते टोक बेअरिंगमधून जाईना. जो एक्सल नुसता धरला होता तो आता खरोखरच निघण्यासारखा राहिला नाही, कापावा लागला.

त्यामुळे आट्यांवर एक जुना नट चढवा, नटाचा माथा आणि एक्सलचं टोक एका पातळीत येईपर्यंत. घाव दोघांवर मिळून बसतो, टोक फुलत नाही, आणि एक्सल बाहेर आल्यावर नट काढताना आटे थोडे साफही होतात. नट चिमट्याला टेकला की तो काढा आणि पुढचं काम भोकातून जाईल अशा बारीक गोल सळईने करा. मध्ये पितळेचा तुकडा ठेवला तर उत्तम. छोट्या हातोडीचे पन्नास घाव घालण्यापेक्षा किलोभर वजनाच्या हातोड्याचे चार सरळ घाव बरे. छोट्या हातोडीचा सगळा जोर टोक चेपण्यातच जातो.

यात सगळ्यात जास्त विसरलं जातं ते समोरच्या बाजूला धरणं. तुम्ही एक्सल एका बाजूने ठोकता तेव्हा तो हबला (चाकाच्या मधल्या भागाला) घेऊन दुसऱ्या बाजूच्या चिमट्याच्या पायावर जातो आणि तो पाय बाहेर वाकतो. घावाचा अर्धा जोर तिथे झुलण्यात वाया जातो, शिवाय चिमटा फाकतो. कुणाला तरी त्या बाजूला बसवा आणि एक्सलच्या डोक्याला न लागता चिमट्याच्या पायाला घण टेकवून धरायला सांगा. दुसऱ्या वर्षी धाकट्या भावाने धरला होता आणि तिसऱ्या घावाला एक्सल निघाला. डोळ्यांवर चष्मा मात्र दोघांच्याही.

बेअरिंगमधून ठोकून एक्सल काढला असेल तर ती बेअरिंगं परत वापरू नका. घावाचा जोर आतल्या कड्यावरून गोळ्यांवर आणि तिथून बाहेरच्या कड्यावर जातो. गोळ्यांच्या धावेवर बारीक खड्डे पडतात. हाताने फिरवताना कळत नाही, महिन्याभरात घरघर सुरू होते. माझ्या गाडीत ६३०१ नंबरचं बेअरिंग आहे, आतलं भोक १२ मिलिमीटर. कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं, नंबर कड्यावर कोरलेला असतो.

काहीच जमलं नाही तर कापायचं. चिमटा आणि हब यांच्या मधल्या फटीत हॅक्सॉचं नुसतं पातं घालून दोन्ही बाजूंनी एक्सल कापा, चाक मोकळं होतं. मग उरलेला तुकडा लेथवाल्याकडे प्रेसवर दाबून घ्या. ग्राइंडर लावणार असाल तर ठिणग्या टायरवर जातात हे ध्यानात ठेवा. कापण्यात कमीपणा काही नाही. एक्सल स्वस्त असतो, चिमटा आणि हब नाही.

मग सोलापुरात गंज येतो कुठून?

हा प्रश्न मला खरंच पडला होता. कोकणात गाडी गंजली तर समजू शकतो. आपल्याकडे पाऊस वर्षाला पाच-साडेपाचशे मिलिमीटर, त्यातला बराचसा सप्टेंबरात, आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर. हवा इतकी कोरडी की शेंगदाण्याची चटणी महिनाभर टिकते. मग एक्सल दर वर्षी धरतो कसा?

माझ्या गाडीची तीन कारणं निघाली. तुमच्याकडेही बहुधा यातलंच एखादं असेल.

पहिलं, काळी माती. आमचं शेत मोहोळच्या बाजूला, शेवटचा दीड किलोमीटर कच्चा रस्ता. पावसात ती माती चिमट्याच्या पायाशी, अ‍ॅडजस्टरच्या खाचेत जाऊन बसते. वरून वाळते, भेगाळते, पण आतून आठवडाभर ओली असते. ज्या गुणावर आपली ज्वारी निघते, तोच गुण एक्सलच्या मुळावर येतो. एक्सलला पावसात भिजण्याची गरजच नाही, त्याच्याभोवती ओलं फडकं गुंडाळलेलंच असतं.

दुसरं, पाणी. नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांनी, ते कोण गाडीवर घालणार? गाडी धुतली जाते बोअरच्या पाण्याने, आणि आमच्या बोअरचं पाणी खारं. बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो, तोच थर एक्सलवर धरतो. क्षारांचं पाणी लोखंडाला गोड्या पाण्यापेक्षा लवकर खातं. त्यातून मी काय करायचो? शेतावरून आलो की थेट वॉशिंग सेंटरला. ब्रेक मारून मारून ड्रम तापलेला. त्यावर थंड पाण्याचा जोरदार फवारा. तापलेल्या हबमधली हवा एकदम आकसते आणि आजूबाजूचं पाणी आत ओढते. सील नवं असेल तर थोडं, जुनं असेल तर चांगलंच. माझं एका बाजूचं सील तर नव्हतंच. पहिल्या वर्षी चाक बसवताना कुणीतरी ते घालायचं विसरलं होतं.

तिसरं कारण मी स्वतः. दुसऱ्या वर्षी एक्सल काढल्यावर मी त्याला पॉलिश पेपर घेऊन आरशासारखा चकचकीत केला. फोटो काढला, भावाला पाठवला. अण्णांनी तिसऱ्या वर्षी तोच एक्सल हातात घेतला, खिडकीकडे धरून फिरवला आणि विचारलं, "याच्यावरचं पाणी कुणी काढलं?" पाणी म्हणजे मुलामा. नव्या एक्सलवर जस्ताचा पातळ थर असतो. लोखंडाच्या आधी तो जस्ताचा थर स्वतः खाल्ला जातो, म्हणून एक्सल टिकतो. मी गंजाबरोबर तो थरही घासून टाकला होता आणि उघडं लोखंड कोरडंच आत घातलं होतं. दुसऱ्या जामापेक्षा तिसरा जाम कितीतरी घट्ट का होता, त्याचं उत्तर माझ्या मोबाइलमधल्या त्या फोटोत होतं.

गंजाला लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा लागते. फट भरायला त्याला फार काही करावं लागत नाही.

परत बसवताना

एक्सल आधी सपाट काचेवर किंवा कडप्प्याच्या ओट्यावर गडगडवून बघा. डुलत गेला तर वाकलाय, टाकून द्या. नखाला लागतील असे खड्डे असतील, किंवा माझ्यासारखा मुलामा गेला असेल तर नवा घ्या, आणि तो तुमच्याच मॉडेलचा. लांबी सारखी दिसते, पण खांदा आणि आट्यांची लांबी वेगळी निघते. जुना चांगला असेल तर गंज तारेच्या ब्रशने हलकेच काढा, पॉलिश पेपर लावू नका.

पेपर लावायचाच असेल तर तो स्लीव्हच्या आणि मधल्या नळीच्या भोकात, काडीला गुंडाळून. एक्सल आतून नुसत्या बोटाच्या जोराने सरकला पाहिजे. मधली नळी विसरू नका. ती नसताना नट आवळला तर बेअरिंगं एकमेकांकडे दाबली जाऊन मरतात. सील नवी घाला.

ग्रीस साधं लिथियमचं एमपी-३ चालतं. एक्सलवर सगळीकडे पातळ थर द्या, बोटाने ओढला की खालचं लोखंड दिसतंय न दिसतंय इतका, आणि भोकांतही. आट्यांना लावू नका, नाहीतर नट ठरल्यापेक्षा जास्त आवळला जातो. पॅनेलच्या बाजूला बाहेर आलेलं ग्रीस पुसा. तिथून ते लायनरवर गेलं तर ब्रेक गेला. कॉटर पिन नवी. आवळण्याचं माप आणि चेनचा ढील तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो, तेवढाच ठेवा. पानाला पाइप घालून आवळू नका.

आता मी एकच सवय लावून घेतली आहे. महिन्या-दीड महिन्याने चेन ताणायला एक्सलचा नट ढिला करतोच, तेव्हा एक्सल पान्याने एक पूर्ण फेरा फिरवतो. दहा सेकंद लागतात. गंज धरायला लागला असेल तर हाताला लगेच कळतं, आणि तेव्हा तो नुसत्या फेऱ्यानेच तुटतो. गाडी धुवायची तर ड्रमला हात लावून बघतो, गार झाला असेल तरच. फवारा हबच्या तोंडावर मारू देत नाही. धुवायची माणसं यावर थोडी चिडतात. धुतल्यावर एक चक्कर, मागचा ब्रेक हलका दाबत.

या पावसाळ्यानंतर चेन ताणली, एक्सल अंगठ्याच्या जोराने फिरला. अण्णांना बोलावून दाखवला. त्यांनी तो फिरवून बघितला, मग पुढच्या चाकाकडे बोट केलं.

"आणि ह्याला कधी हात लावलास?"

गाडी घेतल्यापासून लावलेला नाही. सुताचं वेस्ट थोडं मागून घेतलंय, रविवारी बघतो.